खालून विषय घेणारा सरपंच

बोरखडी गट ग्रामपंचायत आता कागदावरसुद्धा उरलेली नाही. फुलसावंगीच्या रस्त्यावर फाटा लागतो तिथे आता दोन पाट्या आहेत, दोन बाण आहेत, आणि दोन्ही पाट्यांवर कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतात. मी तिथे ग्रामसेवक होतो तेव्हा पाटी एकच होती. वर ठळक अक्षरात बोरखडी आणि खाली बारीक अक्षरात तांडा. ती गट ग्रामपंचायत मोडली तेव्हा करीम मिस्तरी सरपंच होते. किंबहुना ती मोडली तीच त्यांच्यामुळे, असं बोरखडीतले लोक अजून म्हणतात. ते खोटं नाही, पण ते एवढंच नाही.

गट ग्रामपंचायत म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे, कारण शहरातल्या माणसाला ते कळत नाही. दोन लहान गावं असतात, प्रत्येकाला वेगळी ग्रामपंचायत द्यावी एवढी वस्ती नसते, मग सरकार दोघांची गाठ बांधून देतं. ना मुलाला विचारायचं ना मुलीला. नाल्याच्या अलीकडे बोरखडी, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. 'तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना' असं म्हणतात, पण इथे म्हण अर्धीच लागू होती. एकमेकांवाचून दोघांनाही उत्तम करमलं असतं. कार्यालय गावात, रेशनचं दुकान गावात, पाण्याची टाकी गावात. तांड्याकडे होती फक्त विहीर. नळयोजनेची विहीर तांड्याच्या शिवारात खोदलेली होती, कारण पाणी तिथेच लागलं. तिथून लोखंडी पाइप तांड्याच्या घरांसमोरून गावातल्या टाकीवर चढायचा. आधी गाव प्यायचं, मग उरलं तर दोन-तीन दिवसांनी तांडा. भारनियमन वाढलं की तांड्याची पाळी आणखी लांबायची.

सदस्य नऊ. पाच गावाचे, तीन तांड्याचे आणि एक नाल्याकाठच्या वस्तीचा. गावातल्या पाचांत दोन गट होते आणि दोघांनाही एकमेकांचा सरपंच नको होता. तांडा तर दोघांनाही मत द्यायला तयार नव्हता. शेवटी ज्याच्या पाठीशी कुणीच नाही असा माणूस शोधून सर्वांनी त्याला खुर्चीवर बसवलं. नाल्याकाठी चार मुसलमान घरं होती, त्यातलं एक करीम मिस्तरींचं. तिथेच त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणे. मिस्तरींना लाभली ती नुसती डोकेदुखी.

मी रुजू झालो त्या दिवशी ओळख करून द्यायला दुकानात गेलो. मिस्तरी पोत्यावर बसले होते, पुढ्यात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर. मी नमस्कार करून नाव सांगायला सुरुवात केली तर त्यांनी एक बोट वर करून मला गप्प केलं, पेचकसाचं टोक मोटरीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बसले. मी उभाच. माझा अपमान लवकर होतो, आणि त्या दिवशी तो चांगलाच झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, 'बेअरिंग गेलं' असं मोटरीबद्दल सांगितलं आणि मग म्हणाले, 'आता तुमचं सांगा.'

पुढे कळलं की माणसांचं ऐकायची त्यांची तऱ्हा अशीच होती. बोलणाऱ्याकडे ते बघायचे नाहीत. तोंड दुसरीकडे, कान इकडे. कुणी भांडत आला की त्याला पुरतं भांडू द्यायचे आणि मग म्हणायचे, 'आता पुन्हा सांग, पहिल्यापासून.' दुसऱ्या वेळी माणूस शिव्या विसरतो आणि खरी गोष्ट तेवढी उरते, असा त्यांचा अनुभव होता. उंच, वाळलेला देह, नखांत वार्निश बसून काळी पडलेली बोटं, आणि तांब्याच्या तारेने चिरून चिरून त्या बोटांवर आलेल्या बारीक रेघा. घाईत गुंडाळलेली कॉइल दुसऱ्यांदा जळते, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी तालुक्याला अहवाल पाठवायची घाई करायला लागलो की ते मला हेच वाक्य ऐकवायचे. मला ते ऐकून संताप यायचा, कारण गटविकास अधिकारी मिस्तरींना नाही, मला बोलायचे.

त्यांच्या सभा मी कधी विसरणार नाही. मासिक सभेची विषयपत्रिका मी लिहायचो, एक ते आठ-दहा. वाचायची म्हणजे अर्थातच वरून. पहिल्याच सभेत मी 'विषय क्रमांक एक' म्हटलं आणि मिस्तरी म्हणाले, 'खालून घ्या, सचिव.' आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिवच म्हणतात. मी त्यांना म्हणालो, असा कुठे नियम नाही. ते म्हणाले, नियम नसेल, पण वरचे विषय भांडणाचे असतात आणि खालचे कामाचे. आधी भांडण झालं तर काम राहून जातं. आधी काम झालं तर भांडायला जोर राहत नाही.

आणि तसंच व्हायचं. हातपंपाचं वॉशर, शाळेच्या पोरांची बसायची पट्टी, नालीतला गाळ, असे विषय पहिल्या तासात पटापट निघायचे. मग चहा. मग वरचे विषय: विहीर, पाण्याची पाळी, तांड्याला वेगळी ग्रामपंचायत. तोवर कुणाला बैल सोडायचे असायचे, कुणाला फवारणीचं पाणी भरायचं असायचं, आणि वरचे विषय 'पुढील सभेत' जायचे. हळूहळू सगळ्यांना ही रीत ठाऊक झाली. गावातल्या मोठ्या मंडळींना तर इतकी, की ती चहाच्या सुमारासच यायची. खालचे विषय त्यांच्या कामाचे नव्हते. अण्णाजी तर खुर्चीवर बसता बसता कपाला ओठ लावायचे. अण्णाजी म्हणजे गावातल्या पाचांपैकी एक, पण त्यांचा शब्द पाचांइतका. माणूस वाईट नव्हता. गाव आपलं आहे असं त्यांना मनापासून वाटायचं, एवढंच.

तांड्याची वेगळ्या ग्रामपंचायतीची मागणी जुनी होती. हिरामण नाईकांनी ती पहिल्यांदा केली तेव्हा त्यांचे केस काळे होते. मी गेलो तेव्हा ते पिकलेले होते आणि मागणी त्यांचा पुतण्या विलास करत होता. बारावी शिकलेला, बोलायला तिखट. त्याचा अर्ज महिनोन्‌महिने विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर लिहिला जायचा आणि खालून वाचत आलो की वेळ संपायचा. विलास एकदा चिडून म्हणाला की करीमचाचा आमचा विषय वर ठेवून मारतात. मिस्तरींना ते लागलं असावं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

त्या उन्हाळ्यात पाण्यावरून जुंपली. आधीच सगळीकडे वातावरण वाईट होतं. त्या हंगामात कपाशीवर लाल्या आला होता, शेतं लांबून पाहिली तर पिकल्यासारखी लाल दिसायची आणि जवळ गेलं की बोंडं सुकलेली. सरकारी खरेदी कधी चालू, कधी बंद. कापसाच्या गाड्या महागावला मुक्कामाला जायच्या आणि लोक घरी आले की कुणाचंही एक वाक्य सहन करायच्या मनःस्थितीत नसायचे. एके दुपारी तांड्यातल्या पोरांनी पाइपचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी तांड्याकडे वळवलं. गावाची टाकी कोरडी राहिली. संध्याकाळपर्यंत नाल्याच्या या काठाला गावची पोरं आणि त्या काठाला तांड्याची, हातात काठ्या, तुरीच्या वाळक्या फणकटाच्या नव्हे, चांगल्या सागाच्या. मधून एक शिवी इकडे यायची आणि एक तिकडे जायची. मी पोलीस पाटलाला शोधत होतो आणि तो मला टाळत होता.

मिस्तरी लुनावर आले, कुणाकडेही न पाहता थेट विहिरीवर गेले, दोन माणसं हाताशी घेऊन मोटर वर काढली आणि बैलगाडीत घालून दुकानात आणली. मोटर जळाली म्हणाले. म्हणजे आता पाणी ना गावाला ना तांड्याला. ज्या पाण्यावरून डोकी फुटायची ते पाणीच नाही म्हटल्यावर पोरं थोडा वेळ उभी राहिली आणि पांगली. दोन दिवस दोन्हीकडच्या बाया मिस्तरींच्या दारातल्या हातपंपावर एकाच रांगेत घागरी लावून उभ्या होत्या. रांगेत भांडणं झाली, पण ती बायकांची, घागरीच्या जागेवरून. गाव आणि तांड्याची नव्हेत.

मी दुकानात जाऊन त्या मोटरीचा वास घेतला. जळालेल्या मोटरीला एक कडवट वास येतो, तो मिस्तरींनीच मला ओळखायला शिकवला होता. त्या मोटरीला वास नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, 'जळनारच होती, सचिव. मी थोडी आधी काढली.'

तिसऱ्या दिवशी मोटर परत बसवायला ते मला सोबत घेऊन गेले. भर दुपार. मोटर सुरू झाली आणि पाइपात पाणी धावायला लागलं, गावाकडे. तेव्हा मी पाहिलं की तांड्यातल्या चार-पाच म्हाताऱ्या घरांतून निघाल्या आणि पाइपाशी येऊन बसल्या. पाइपावर तळहात ठेवून. एक तर गाल टेकून बसली. पाणी आत धावत असलं की लोखंड गार होतं, तेवढाच गारवा. मिस्तरींनी तिला, 'याडी, काय करून राह्यली?' असं विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. ती हसली आणि म्हणाली, आमच्या वाटचं एवढंच.

परत येताना मिस्तरी लुना ढकलतच चालले होते, बसले नाहीत. नाला ओलांडल्यावर म्हणाले की ही मोटर मी किती वेळा नवी तार घालून भरली, याची गणती नाही, आणि ती भरून दर वेळी मी या बायांच्या दारावरून पाणी पळवलं. मी म्हणालो, योजनेचा आराखडाच तसा आहे. ते म्हणाले, आराखड्याला दार नसतं.

आता त्यांची अडचण सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मिस्तरींचं घर नाल्याच्या अलीकडे, म्हणजे बोरखडीत. पण त्या चार घरांचं कब्रस्तान नाल्याच्या पलीकडे, तांड्याच्या शिवारात, रस्त्याला लागून. सरकारी ई-क्लासची पडीक जमीन, त्यात दहा-बारा कबरी आणि दोन निंबाची झाडं. कागदावर कब्रस्तान म्हणून कुठेही नोंद नाही. ग्रामपंचायत एक होती तोवर कुणी विचारलं नव्हतं, कारण सरपंच कोणीही असो, मोटर सगळ्यांचीच बिघडायची आणि मिस्तरी सगळ्यांनाच लागायचे. त्यांची बायको मेहरूनबी तिथे होती. मी रुजू व्हायच्या आधीच ती गेलेली. दर शुक्रवारी फुलसावंगीहून नमाज पढून येताना मिस्तरी तिथे उतरायचे, डोक्यावरची टोपी नीट करायचे आणि निंबाखाली बसायचे. फातिहा पढून झाल्यावरही बसायचे. एकदा मी मोटरसायकलवरून जाताना थांबलो, तर ते कबरीशेजारचं गवत उपटत कुणाला तरी मासिक सभेत काय काय झालं ते सांगत होते. मी हॉर्न न वाजवता निघून आलो.

आणि त्या जागेवर डोळा होता. ढाणकीच्या एका व्यापाऱ्याला रस्त्यालगत वजनकाटा टाकायचा होता. सरकारी खरेदीचा भरवसा राहिला नाही तसे खासगी व्यापारी गावोगाव काटे टाकत होते. विलासचं म्हणणं होतं की काटा तांड्यात आला तर गाड्या महागावला मुक्काम करायच्या वाचतील, चार पोरांना हमालीचं का होईना काम लागेल. तो चुकीचं बोलत नव्हता. पण रस्त्यालगतची सपाट जागा एकच होती.

हे अण्णाजींना नेमकं ठाऊक होतं. एकदा ते दुकानात आले, मी तिथेच होतो. पोत्यावर मांडी घालून बसले, जे ते कधी करत नसत. म्हणाले की तांडा वेगळा झाला तर ती जागा तांड्याच्या हद्दीत जाईल, मग तिथे तुमचा शब्द चालणार नाही आणि माझाही नाही. आहे तसं राहू द्या, मिस्तरी, मी आहे तोवर तिथे कुणी कुदळ मारणार नाही. ते धमकी देत नव्हते. खरं तेच सांगत होते. मिस्तरी तारेचे वेढे भरत होते. मान वर न करता त्यांनी फक्त एवढंच विचारलं की अण्णाजी चहा घेणार का.

त्यानंतरची मासिक सभा. गावात बोलवा होती की यावेळी अण्णाजी तांड्याचा विषय पुढे ढकलू देणार नाहीत. पाचही जण येतील, विरोधात मतं टाकतील आणि विषय कायमचा पुरून टाकतील. पाच विरुद्ध चार, मिस्तरी तांड्याकडे गेले तरी. आणि ते जातील कशाला, आपल्या पायावर कोण धोंडा मारून घेतो? अण्णाजींचं गणित पक्कं होतं.

सभेच्या वेळेला आले तांड्याचे तिघे, हिरामण नाईक, विलास आणि एक बाई. गावाकडून फक्त दोघं. कौसल्याबाई, ज्या बौद्धवाड्यातून निवडून आल्या होत्या आणि नेहमी वेळेवर यायच्या, आणि कानाने अधू झालेले एक म्हातारे सदस्य. बाकीचे तिघे, अण्णाजी धरून, नेहमीप्रमाणे चहाला येणार होते. मी सवयीने शेवटच्या विषयावर बोट ठेवलं, तर मिस्तरी हळूच म्हणाले, 'सचिव, आज वरून घ्या.'

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणालो, नेहमी तर खालून घेतो. ते म्हणाले, 'वरून घ्याचा नसन तं वर लिहिता काहून?'

सभेला आवश्यक तेवढे सदस्य हजर होते. विषय पहिला होता, क्रमाने घेतला जात होता, नियमाप्रमाणे. मी वाचला. विलासचा चेहरा मी पाहिला. आधी त्याला कळलंच नाही, मग कळलं आणि तो इतका ताठ बसला की खुर्ची करकरली. दाराबाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली तर आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं.

बोलल्या त्या कौसल्याबाई. शांतपणे, पण थेट मिस्तरींच्या तोंडावर. 'मिस्तरीभाऊ, तांडा गेला तं आमच्या वाड्याले कोन इचारीन? आज त्याइचे तीन हात आमच्या बाजूनं उठते. उद्या तुमी अन् मी, दोघंच राहू.'

मिस्तरी पहिल्यांदाच कुणाकडे तरी सरळ बघत बोलले. 'कोनी नाई इचारनार, बाई. तुमचं खरं हाय. पन त्याइच्या दारावरून पानी जाते अन् त्याइले हात लावून बसा लागते. ते मले आता पाहवत नाई.'

'मंग मी हात वर नाई करनार.'

'नका करू,' ते म्हणाले. 'मी तुमच्या जागी असतो तं मी बी नसता केला.'

तांड्याचे तीन हात वर गेले. मग मिस्तरींचा. कौसल्याबाईंनी विरोधात हात केला आणि म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघून तसंच केलं. ठराव मंजूर झाला. मी तो चार विरुद्ध दोन असा लिहून घेतला.

अण्णाजी आले तेव्हा चहा ओतला जात होता आणि आम्ही शाळेच्या कौलांच्या विषयावर होतो. त्यांनी कप हातात घेतला, खोलीत कुणी काही बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी माझ्या पुढ्यातला कागद फिरवून आपल्याकडे घेतला. वाचून झाल्यावर कप खाली ठेवला. ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मिस्तरींना म्हणाले, 'मिस्तरी, आज तुमी तुमची बायको परगावात टाकली.' आणि निघून गेले.

मिस्तरींनी पुढचा विषय वाचायला सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

पुढे ग्रामसभा झाली, हरकती झाल्या, चौकशी झाली. माझा जबाब तीनदा घेतला. विषयांचा क्रम काहून बदलला, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तर मी म्हणालो, क्रम बदलला नाही, एकदाच सरळ घेतला. साहेबांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. पहिला विषय पहिला घेतला याची तक्रार कुठल्या कलमाखाली करणार? यथावकाश आदेश निघाला. तांड्याची वेगळी ग्रामपंचायत झाली. विलास सरपंच. पाणी त्यांनी गावाला तोडलं नाही, फक्त पाळी फिरवली: आधी तांडा, मग गाव.

गावाने मात्र मिस्तरींना तोडलं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी काही बोललं नाही. मोटरी ढाणकीला जायला लागल्या, एवढंच. त्या वर्षी विहिरीही आटल्या होत्या, त्यामुळे मोटरी तशाही कमीच जळत होत्या. दुकानासमोरून जाणारा माणूस रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायचा. मिस्तरी उघड्या दुकानात बसून जुन्या तारा सोडवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. मी चिडून एकदा म्हणालो की आ बैल मुझे मार असं झालं हे, काय मिळालं तुम्हाला? ते म्हणाले, पाइपाला आता उन्हाळ्यात कोणी हात लावून बसत नाही. नळाला पाणी येतं म्हणून. आणि हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

दोन्ही ग्रामपंचायतींचा कारभार माझ्याकडेच होता. म्हणून तांड्याच्या त्या ग्रामसभेला मी हजर होतो. मंदिरासमोरच्या ओट्यापुढे सतरंज्या टाकल्या होत्या. विषय: रस्त्यालगतची ई-क्लासची जागा. वजनकाट्याला द्यायची की आहे तशी कब्रस्तानाला ठेवायची. व्यापाऱ्याचा माणूस आधीच येऊन पुढे बसला होता.

मिस्तरी आले. ते आता त्या गावचे मतदार नव्हते. ग्रामसभेत बसायचाही त्यांना हक्क नव्हता. ते सतरंजीच्या बाहेर, चपला पायात ठेवूनच उभे राहिले, अर्ज घेऊन आलेल्या माणसासारखे. ज्या लोकांसाठी त्यांनी हात वर केला होता त्यातल्या बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. विलासने काट्याचा फायदा सांगितला. नीट सांगितला. गाड्या, हमाली, वेळ. लोक माना हलवत होते. त्यांचंही वर्ष वाईट गेलेलं होतं, आणि मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसाचं पोट आधी, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या तोंडावर होतं. मिस्तरींना बोलायला सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. गावोगावची भांडणं मिटवलेला माणूस, स्वतःसाठी एक वाक्य त्याच्या तोंडून निघेना. मी कागदाकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग हिरामण नाईक उठले. काठीवर भार देऊन, हळूहळू. तांड्यात नाईक उठला की बाकीचे गप्प बसतात.

'हा मानूस बोरखडीचा असन,' ते म्हणाले. 'याची बायको आपल्या गावची हाय. मेल्यावर आली तरी आपल्या गावात राहाले आली. गावच्या बाईले आपन भाईर काहाडत नसतो.'

आणि खाली बसले. कुणीतरी खोकलं. विलासने आधी काकाकडे, मग व्यापाऱ्याच्या माणसाकडे पाहिलं, आणि म्हणाला की जागा आहे तशी कब्रस्तानाला ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

आधी म्हाताऱ्यांचे हात गेले. मग बायांचे. मग अडखळत इतरांचे, सगळे नाही. मी उभा राहून मोजायला लागलो. मोजत मोजत सतरंजीच्या कडेला आलो तर तिथे आणखी एक हात वर होता, काळ्या नखांचा, रेघारेघांचा.

विलासनेही तो पाहिला. हलकेच म्हणाला, 'चाचा, तुमचं मत नाई इथं.'

मिस्तरींनी हात खाली घेतला नाही.

'मायं नाई, बापू,' ते म्हणाले. 'तिचं हाय.'

जागा कब्रस्तानालाच राहिली. पंधरा दिवसांनी माझी बदली झाली आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या नोकरीत मी किती हात मोजले असतील, आणि कायद्याने हा हात मोजायचा नव्हता. मी मोजला.